डेंगूच्या रिपोर्टात आयजीएम, आयजीजी लिहिलेलं असतं ते नक्की काय? शरीर जंतूला ओळखतं कसं, साध्या भाषेत

पावसाळा सरत आला की आमच्याकडे, जळगाव काय नि धुळे-नंदुरबार काय, घरटी एक तरी तापाचा पेशंट असतोच. मी तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो, चौदा वर्षं झाली. मागच्या सप्टेंबरात चोपड्याकडच्या खेड्यातले एक नाना आले, कापसाची फवारणी अर्धी टाकून तसेच निघालेले, हातात आमचाच रिपोर्ट, आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "भाऊ, आठे एक जागे निगेटिव्ह लिहेल शे न दोन जागे पॉझिटिव्ह. मंग मना नातूले डेंगू शे का नही?"

रिपोर्टात होतं: एनएस-वन निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह.

मी त्यांना दोन मिनिटांत जमेल तसं सांगितलं, पण मागे सहा माणसं उभी होती आणि नानांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की समाधान झालेलं नाही. हा प्रश्न फक्त नानांचा नाही, शिकलेली माणसंसुद्धा हाच कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून विचारतात की दादा याचा अर्थ काय. म्हणून आज निवांत बसून पहिल्यापासून लिहितोय. थोडं लांबेल, पण एकदा समजलं की डेंगूच काय, टायफॉईड, सापाचं इंजेक्शन, कुत्र्याचं इंजेक्शन, अ‍ॅलर्जी, सगळ्याचा धागा एकच आहे हे लक्षात येईल.

## डुकराचे ठसे आणि राखणदाराचे ठसे

दोनच शब्द लक्षात ठेवायचे. अँटिजेन म्हणजे बाहेरून आलेल्या वस्तूचा असा भाग जो आपल्या शरीराच्या नजरेत भरतो, म्हणजे व्हायरसचं एखादं प्रोटीन, सापाचं विष, फुलांचे परागकण, काहीही. आणि अँटीबॉडी म्हणजे त्या भागाला जाऊन चिकटणारं, आपल्याच शरीराने बनवलेलं प्रोटीन. शाळेच्या पुस्तकात प्रतिजन आणि प्रतिपिंड असे शब्द होते, पण दवाखान्यात ते कोणी बोलत नाही म्हणून मी पण वापरत नाही.

आता केळीच्या बागेत रात्री रानडुकरं शिरली असं समजा. सकाळी बांधावर दोन प्रकारचे ठसे दिसतील, एक डुकराच्या खुरांचे आणि दुसरे राखणदाराच्या बुटांचे. डुकराचे ताजे ठसे दिसले म्हणजे डुक्कर आलं होतं यात शंकाच नाही. पण फक्त बुटांचे ठसे असतील तर एवढंच कळतं की राखणदार इथे धावत आला होता, आता डुक्कर आज आलं होतं का पंधरा दिवसांपूर्वी ते त्या बुटांच्या ठशावरून ओळखावं लागतं.

एनएस-वन हे डेंगूच्या व्हायरसचं स्वतःचं प्रोटीन आहे, म्हणजे डुकराचा ठसा. तो तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतो आणि साधारण पाचव्या दिवसानंतर सापडणं कमी होत जातं. आयजीएम आणि आयजीजी या आपल्या अँटीबॉडीज, म्हणजे बुटांचे ठसे. आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागते आणि दोन-तीन महिने रेंगाळते. आयजीजी पहिल्यांदाच डेंगू झाला असेल तर आणखी उशिरा येते पण मग वर्षानुवर्षं राहते.

नानांचा नातू तापाच्या सहाव्या दिवशी आला होता. म्हणून एनएस-वन निगेटिव्ह. रिपोर्टात गडबड काहीच नव्हती, उशीर झालेला होता.

## ओळखतं म्हणजे नक्की काय ओळखतं?

इथे बहुतेक लोकांचा एक गैरसमज असतो की शरीर "डेंगू" ओळखतं किंवा "टायफॉईड" ओळखतं. तसं नाही. शरीराला रोगाचं नाव माहिती नसतं, अख्खा जंतूही दिसत नसतो. त्याला फक्त एक छोटासा आकार जाणवतो.

पुण्यात बसमध्ये उभे आहात, गर्दीत कोणाचा चेहरा दिसत नाहीये, आणि मागून कोणीतरी फोनवर म्हणतं, "काय करी ऱ्हायना रे भो?" झालं, लगेच कळतं की हा आपल्या खान्देशातला माणूस. त्याचं नाव, गाव, कपडे, काही पाहायची गरज पडली नाही, एका वाक्याच्या वळणावरून ओळख पटली. अँटीबॉडीचं असंच असतं. जंतूच्या अंगावरचा जो बारीकसा उंचवटा किंवा खाच ती ओळखते त्याला एपिटोप म्हणतात आणि तो अगदी पाच-दहा-पंधरा अमिनो आम्लांच्या आकाराचा असतो, म्हणजे अख्ख्या माणसातलं एक वाक्य.

पण मग तसंच वळण असलेलं वाक्य दुसऱ्या कोणी बोललं तर? तर फसगत होते, आणि ती खरंच होते. घशात एक विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस जातीचा जंतू झाला आणि नीट उपचार केले नाहीत तर काही मुलांत त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज हृदयाच्या झडपेलाही जाऊन चिकटतात, कारण दोघांच्या काही भागांचा आकार मिळताजुळता असतो. हाच तो संधिवाताचा ताप ज्याने लहानपणी झालेला घसादुखीचा आजार पुढे झडपेच्या ऑपरेशनपर्यंत नेतो. म्हणून पोराचा घसा वारंवार सुजतो तेव्हा डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा हो, अर्धा सोडू नका.

## ज्याला कधी पाहिलंच नाही त्याला कसं ओळखणार?

हा मला सगळ्यात भारी प्रश्न वाटतो. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा कोणाच्याच शरीराने तो पाहिलेला नव्हता, तरी अँटीबॉडीज तयार झाल्याच. मग शरीर जंतू बघून त्याच्या मापाचं कुलूप घडवतं का? आधी बऱ्याच शास्त्रज्ञांना तसंच वाटायचं. पण खरं उलटं निघालं. शरीर आधीच करोडो वेगवेगळ्या आकारांची कुलपं, कोणाला लागतील हे माहिती नसताना, नुसती अंदाजपंचे बनवून ठेवतं. या कुलपांच्या मालक म्हणजे बी पेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. एका बी पेशीच्या अंगावर एकाच आकाराचं कुलूप. जंतू आला की ज्या दोन-चार पेशींना तो योगायोगाने बसतो त्याच पेशींना जाग येते, त्या भराभर एकाच्या हजारो होतात आणि तेच कुलूप सुटं करून रक्तात सोडायला लागतात. ते सुटं कुलूप म्हणजे अँटीबॉडी. ही कल्पना ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडली.

पण माणसाकडे जीन्स सगळे मिळून २० हजारांच्या आसपास. मग करोडो आकार आणायचे कुठून? याचं उत्तर जपानच्या सुसुमू तोनेगावा यांनी शोधलं आणि १९८७ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. लग्नाच्या पंगतीचं उदाहरण घ्या. समजा आचाऱ्याने ४० भाज्या, २३ चटण्या आणि ६ प्रकारच्या भाकरी केल्यात, आणि नियम असा की प्रत्येक ताटात प्रत्येकातलं एकच. पदार्थ मोजून ६९ पण ताटं साडेपाच हजार प्रकारची होतात. बी पेशी तयार होताना डीएनएच्या तुकड्यांचं असंच होतं, अँटीबॉडीच्या मोठ्या साखळीसाठी हे आकडेही जवळपास तेवढेच आहेत. मग छोट्या साखळीचं असंच वेगळं ताट, ते याच्याशी जोडलं की गुणाकार लाखांत जातो. आणि त्यावर आणखी एक गंमत, वाढणारा दोन पदार्थांच्या मध्ये स्वतःच्या मनाने दाणे-मीठ टाकत जातो, म्हणजे तुकडे जोडताना सांध्यावर अक्षरं वाढतात-गळतात, आणि मग तर हिशोबच लागत नाही.

यातली कितीतरी कुलपं आयुष्यभर कोणालाच लागत नाहीत. लागली नाहीत तर त्या पेशी मरून जातात, रोज नव्या तयार होत राहतात. हा खर्च शरीर आनंदाने करतं कारण उद्या कोण येईल ते माहिती नाही.

## कापसाचा नमुना, म्हणजे टी पेशींचं काम

बी पेशी आणि अँटीबॉडी बाहेर फिरणाऱ्या जंतूला पकडतात. पण व्हायरस तर पेशीच्या आत घुसून बसतो, तिथे अँटीबॉडी सहसा पोचत नाही. मग आतलं कोणाला कळणार?

बाजार समितीत किंवा जिनिंगवर कापसाची गाडी लागते तेव्हा व्यापारी अख्खी गाडी रिकामी करत नाही. गाडीत हात घालून एक मूठ काढतो, बोटांनी लांबी बघतो, ओल बघतो, कवडी किती ते बघतो आणि त्यावर भाव बोलतो. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी असाच नमुना सतत दारात ठेवत असते. आत जी काही प्रोटीन्स बनतायत त्यांचे बारीक तुकडे करून, आठ-दहा अमिनो आम्लांचा एकेक तुकडा, एका वाटीसारख्या प्रोटीनमध्ये ठेवून बाहेर दाखवते. त्या वाटीला एमएचसी म्हणतात (किडनी बदलताना डॉक्टर "एचएलए जुळतं का" बघतात ते हेच, कारण प्रत्येकाची वाटी वेगळ्या घडणीची).

मारेकरी टी पेशी (टी पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) हे नमुने तपासत फिरत असतात. घरचाच कापूस दिसला तर पुढे जातात. व्हायरसचा तुकडा दिसला तर ती अख्खी पेशी संपवतात, कारण ती आता व्हायरसचा कारखाना झालेली असते. टी पेशीला नुसता तुकडा दाखवून चालत नाही, नुसती वाटी दाखवून पण चालत नाही, आपल्याच वाटीतला परका तुकडा असं दोन्ही एकत्र लागतं. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी हे १९७० च्या दशकात उंदरांवर दाखवलं आणि १९९६ ला त्यांना नोबेल मिळालं. डोहर्टी हे मूळचे जनावरांचे डॉक्टर, हे मी आवर्जून सांगतो कारण आमच्याकडे गुरांच्या डॉक्टरला लोक कमी लेखतात.

दुसऱ्या प्रकारच्या टी पेशी मदतनीस असतात. कातडीत, नाकात, आतड्यात गस्त घालणाऱ्या डेंड्रायटिक नावाच्या पेशी जंतू गिळून त्याचा नमुना घेऊन जवळच्या गाठीत जातात. गळ्यात, काखेत, जांघेत ज्या गाठी सुजतात ना, त्या म्हणजे या पेशींचा आठवडे बाजार, सगळे नमुने तिथे येतात आणि सगळे तपासणारे पण तिथेच, मदतनीस टी पेशींना जाग येते ती इथेच. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते ती यामुळेच. बहुतेक वेळा आजार उतरला की ती आपोआप बसते, महिनाभर बसली नाही किंवा वाढतच गेली तर मात्र दाखवायला पाहिजे.

## दोन सह्यांचा चेक

कुलपं जर अंदाजपंचे बनवलेली असतील तर त्यातली काही आपल्याच शरीराला लागणारच. मग रोज आपणच आपल्याला का खात नाही?

ग्रामपंचायतीचा चेक जसा एका सहीवर वटत नाही, सरपंचाची पण लागते आणि ग्रामसेवकाची पण, तसंच आहे. बी पेशीला जंतू चिकटला ही एक सही. मग ती त्याचा तुकडा स्वतःच्या वाटीत ठेवून मदतनीस टी पेशीला दाखवते, आणि ती टी पेशी पण त्याच जंतूने आधी जागी झालेली असेल तरच दुसरी सही मिळते. बहुतेक अँटीबॉडीज अशा दोन सह्यांनीच तयार होतात. शिवाय छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी पेशींची परीक्षा होते आणि बहुतांश टी पेशी तिथेच नापास होऊन मरतात. त्यातूनही निसटलेल्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात, त्यांच्यावरच्या कामासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. एवढं सगळं असूनही कधी कधी चूक होते आणि संधिवात, सोरायसिस, लहान मुलांचा डायबेटीस असे आजार होतात.

## ट्रॅक्टर तोच, मागचं अवजार वेगळं

आता आयजीएम, आयजीजीकडे येऊ. अँटीबॉडीचा आकार गलोलीच्या बेचक्यासारखा असतो. वरची दोन टोकं आणि खाली एक दांडा. हा आकार रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांनी उलगडला, १९७२ चं नोबेल त्याचं.

वरची टोकं जंतूला ओळखतात, आणि खालचा दांडा पुढे काय करायचं ते ठरवतो. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

ट्रॅक्टर बघा. ड्रायव्हर तोच, त्याला शेत माहिती, बांध माहिती. पण मागे नांगर जोडला तर नांगरट, रोटावेटर जोडला तर ढेकळं फुटतात, ट्रॉली जोडली तर केळीची वाहतूक. बी पेशी पण तेच करते, टोकं तीच ठेवून मागचा दांडा बदलते. दांडे पाच प्रकारचे, म्हणून अँटीबॉडीचे पाच वर्ग. आयजी म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, अँटीबॉडीचंच दुसरं नाव, आणि पुढचं अक्षर म्हणजे कोणतं अवजार जोडलंय ते.

सगळ्यात आधी येते आयजीएम. पाच बेचकी गोल करून जोडलेली, म्हणजे दहा टोकं. सुरुवातीला कुलूप तसं ढिलंच बसत असतं, पण दहा हातांनी धरल्यावर ढिली पकडसुद्धा सुटत नाही. आकाराने मोठी म्हणून रक्तातच राहते, फार बाहेर जात नाही. हिचं रक्तात असणं म्हणजे सहसा नुकतीच लढाई झालेली आहे.

मग गाठीमध्ये बी पेशींची निवड सुरू होते. आपण जसं चांगल्या कणसाचं बियाणं राखतो आणि पुढच्या वर्षी तेच पेरतो, तसं टोकांमध्ये बारीक बदल करत करत जी पेशी जंतूला जास्त घट्ट धरते तीच वाढवली जाते, बाकीच्या मरतात. आणि त्याच काळात दांडा बदलून आयजीजी होते. रक्तातल्या अँटीबॉडीजपैकी साधारण पाऊण हिस्सा हीच. बारीक, घट्ट पकडणारी, अंगात सगळीकडे पोचणारी, आणि टिकाऊ, कारण तिच्या दांड्याला पकडून पेशी तिला मोडू देत नाहीत, तीन आठवड्यांनी जेमतेम निम्मी होते तोवर नवीन येत राहते. त्याच दांड्याला पकडून वारेतून ती आईकडून बाळाकडे जाते. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची शिदोरी असते, सहा-नऊ महिन्यांत ती संपत जाते. गोवरची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात त्याचं कारण हेच, आधी दिली तर आईच्याच अँटीबॉडीज लसीतल्या व्हायरसला पकडून टाकतात. लोक विचारतात की आशाताई एवढ्या उशिराची तारीख का देतात, तर म्हणून.

रक्तगटाचं कोडं पण इथेच सुटतं. बायको ए गटाची आणि बाळ बी गटाचं असलं तरी बहुतेक वेळा काही मोठं होत नाही, कारण ए आणि बी विरुद्धच्या अँटीबॉडीज बहुतांशी आयजीएम असतात, त्या वार ओलांडत नाहीत. पण आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा आरएच पॉझिटिव्ह (गटापुढचं मायनस-प्लस) असेल तर त्याविरुद्ध तयार होणारी अँटीबॉडी आयजीजी असते, ती ओलांडते आणि पुढच्या बाळाच्या रक्तपेशी फोडते. म्हणून निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. कृपा करून खर्चाकडे बघून हे टाळू नका.

आता आयजीए, आणि इथे मला जरा थांबायचंय. ही लाळ, अश्रू, आतड्याचं अस्तर आणि आईचं दूध यात असते, शरीर रोज जेवढी आयजीए बनवतं तेवढं बाकीचे सगळे वर्ग मिळून पण बनवत नाही. गाय-म्हैस व्यायली की पहिला चीक वासराला पाजा असं घरातली म्हातारी माणसं ओरडून सांगायची, आठवतंय? त्यामागचं कारण फार सुंदर आहे. गायीच्या वारेतून अँटीबॉडी जातच नाही, म्हणून वासरू जन्मतः अगदी रिकाम्या हाताने येतं. गायीच्या चिकात भरपूर आयजीजी असते आणि वासराचं आतडं ती अख्खीच्या अख्खी रक्तात ओढून घेतं, पण फक्त पहिला एखादा दिवस, आणि तेही तासागणिक कमी होत जातं, चोवीस तासांनी दार बंद. म्हणून खरवस करायचाच असेल तर वासराचं पोट भरल्यावर करा, पहिल्या चिकाचा नको. माणसाच्या बाळाचं वेगळं, त्याला आयजीजी पोटात असतानाच मिळालेली असते, आणि आईच्या पहिल्या पिवळ्या दुधात असते ती आयजीए, जी रक्तात न जाता आतड्याच्या अस्तरावर लेप देऊन बसते. काही घरांत अजून हे पिवळं दूध खराब म्हणून पिळून फेकतात आणि बाळाला मध चाटवतात, मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं. पहिल्या तासाभरात तेच दूध पाजा, आणि मध तर वर्षाच्या आत नकोच.

आयजीई रक्तात सगळ्यात कमी. ती मूळची जंतांसारख्या मोठ्या परजीवींसाठी, पण आपल्याला भेटते ती अ‍ॅलर्जीमध्ये. तिचा दांडा मास्ट पेशींना घट्ट चिकटतो, त्या पेशींत हिस्टामिन भरलेलं असतं, टोकांना परागकण लागला की मिनिटभरात ते बाहेर सांडतं आणि शिंका, खाज, दम. आयजीडी मुख्यतः बी पेशींच्या अंगावरच असते, रिपोर्टात तुम्हाला ती भेटणार नाही.

## सापाच्या इंजेक्शनात दांडा कापून का टाकतात?

टोक आणि दांडा वेगळे आहेत याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये असतो. सापाच्या विषावरचं इंजेक्शन म्हणजे घोड्याच्या अँटीबॉडीज. घोड्याला थोडं थोडं विष वाढवत देतात, त्याच्या अंगात अँटीबॉडीज तयार होतात, त्या गोळा करतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० मध्ये हाच मार्ग धनुर्वात आणि घटसर्पासाठी दाखवला होता, १९०१ चं पहिलंवहिलं वैद्यकाचं नोबेल बेरिंग यांना त्यासाठी मिळालं.

आता घोड्याचा दांडा माणसाच्या अंगात गेला की आपलं शरीर त्यालाच परका समजून भडकतं. म्हणून पेप्सिनने, म्हणजे पोटात मांस पचवणाऱ्या रसाने, दांडा कापून टाकतात आणि फक्त टोकं ठेवतात. टोकं विषाला पकडतात, काम होतं, रिअ‍ॅक्शन कमी होते (पूर्ण जात नाही, म्हणून दवाखान्यातच घ्यायचं). आपल्याकडचं हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. आणि लहान मुलाला डोस कमी नसतो, मोठ्या माणसाएवढाच असतो, कारण औषध माणसाच्या वजनाला नाही तर सापाने टाकलेल्या विषाला मोजायचं असतं.

कुत्रं खोल चावलं तर लसीबरोबर जखमेत वेगळं सीरम टोचतात ते पण तयार अँटीबॉडीचंच. लसीने स्वतःच्या अँटीबॉडीज बनायला आठवडा-दोन आठवडे जातात, तेवढे दिवस उसनवारीवर काढायचे. म्हणून "लस घेतली ना, मग सीरम कशाला" असं म्हणू नका.

## मग आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे डेंगू पक्काच ना?

जवळपास, पण शंभर टक्के नाही. आमच्या कार्डवर काय होतं ते सांगतो. छोटीशी पांढरी पट्टी असते, तिच्या एका टोकाला सीरमचा, म्हणजे पेशंटच्या रक्तातल्या पातळ पाण्याचा, थेंब आणि वर बफर नावाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकायचे. पट्टीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, खरं सोनं, एवढे बारीक की रंग लालसर दिसतो, आणि त्यांना डेंगूचं प्रोटीन चिकटवलेलं असतं. पट्टीवर "एम" लिहिलंय त्या रेघेवर आयजीएमचा दांडा पकडणारा सापळा, "जी"वर आयजीजीचा दांडा पकडणारा. म्हणजे सापळा दांडा धरतो आणि टोकांनी डेंगूचं प्रोटीन धरलेलं असेल तरच सोनं तिथे साचतं आणि पंधरा-वीस मिनिटांत गुलाबी रेघ उमटते. "सी" ची रेघ आलीच नाही तर ते कार्ड फुकट, परत करायचं.

आता टोक ओळखतं ते एक वाक्य, हे आठवा. झिका किंवा जपानी मेंदूज्वर हे डेंगूचेच भाऊबंद, त्यांच्या अँटीबॉडीज पण कधी इथे चिकटतात. शिवाय दोन महिन्यांपूर्वी डेंगू होऊन गेला असेल आणि आजचा ताप दुसराच कसला असेल तरी रेघ उमटेल. म्हणून सरकारी यंत्रणा कार्डला "संशयित" मानते आणि पक्कं करायला एलायझा नावाची जास्त खात्रीची टेस्ट करते, तिची किट्स पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत बनतात. उलट, दुसऱ्याच दिवशी फक्त आयजीएम करून निगेटिव्ह आली म्हणून डेंगू नाही असं पण म्हणता येत नाही, राखणदार अजून घरून निघालेलाच नसतो.

## आयजीजी आहे, म्हणजे आता परत होणार नाही?

गोवरच्या बाबतीत हे खरं, डेंगूत नाही. डेंगूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून बहुधा आयुष्यभर बचाव, पण बाकी तीन मोकळेच. आणि दुसऱ्या प्रकाराचा व्हायरस आला की जुनी आयजीजी त्याला धरते खरी, पण निकामी करण्याइतकी घट्ट नाही. मग तिचा दांडा बघून आपली गिळणारी पेशी तिला व्हायरससकट आत ओढते, आणि डेंगूला नेमकं तिथेच जायचं असतं. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंगू जास्त गंभीर होण्याचा धोका असतो. तापाच्या सुरुवातीच्याच दिवसांत आयजीजीची रेघ ठळक असेल तर हा दुसरा डेंगू असण्याची शक्यता धरतात.

## दरवर्षी "टायफॉईड निघतो" ते काय?

ती बहुतेक वेळा विडाल टेस्ट असते, १८९६ मधली. ती टायफॉईडचा जंतू शोधतच नाही, फक्त बुटांचे ठसे मोजते, आणि कोणत्या वर्गाची अँटीबॉडी आहे ते पण सांगत नाही. आपल्या भागात लहानपणापासून कधी ना कधी त्या जंतूशी गाठ पडलेली असते, लस घेतलेली असते, म्हणून निरोगी माणसात पण थोडी पॉझिटिव्ह येते. एकाच विडालवर आठ दिवस सलाईन लावून घेण्याआधी डॉक्टरांना ब्लड कल्चरबद्दल (रक्तातला जंतूच वाढवून बघायची तपासणी) विचारा, ते अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायचं असतं.

## गाजरगवताने कातडी सोलवटते पण आयजीई नॉर्मल, असं कसं?

बरेच शेतकरी हे विचारतात. गाजरगवताचे परागकण नाकात जाऊन लगेच शिंका आल्या तर ते आयजीईचं काम. पण बांधावरचं गवत उपटलं आणि दोन दिवसांनी मान, हात, पापण्या काळ्या-खाजऱ्या झाल्या तर ते टी पेशींचं काम, तिथे अँटीबॉडीचा संबंध नाही, म्हणून रक्तात काही दिसत नाही. त्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी बघतात. उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि गवत जाळू नका, धुरानेही त्रास होतो.

## नानांचा नातू

तो आठ वर्षांचा होता. आयजीएम आणि आयजीजी दोन्ही पॉझिटिव्ह, त्यामुळे दुसरा डेंगू असण्याची शक्यता जास्त होती. नाना म्हणत होते, "आज ताप उतरना, मंग घर ली जास." मी त्यांना म्हटलं नाना, ताप उतरतो तेव्हाचेच एक-दोन दिवस सांभाळायचे असतात, पोटात सारखं दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त आलं, पोरगं मलूल पडलं, लघवी कमी झाली तर रात्र काढू नका. डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं, प्लेटलेट खाली गेल्या आणि आपोआप वर आल्या. दिवाळीनंतर नाना सहज लॅबवर आले, केळीची फणी घेऊन, आणि विचारलं की आता परत तपासायचं का, ते दोन पॉझिटिव्ह गेले का. मी सांगितलं, आयजीएम जाईल, आयजीजी राहील, तपासायची गरज नाही. फक्त हा रिपोर्ट जपून ठेवा, आणि पुढे कधी त्याला ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.